लस घेऊनही दवाखान्यातल्या स्टाफला कोरोना झालाच, मग लसीचा उपयोग काय?

तुमची बहीण धुळ्याला नर्स, दोन्ही डोस होऊनही एप्रिल २०२१ मध्ये पॉझिटिव्ह आली, आणि ‘आमच्या स्टाफमध्ये पॉझिटिव्ह आलेल्यांत लस घेतलेलेच जास्त होते’ असं ती सांगते, असं तुम्ही लिहिलंय. ताईंचं काहीच खोटं नाही. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे, स्वॅब घ्यायचं काम माझ्याकडेच होतं. आमच्याकडेही हेच चित्र होतं आणि गावात लोक तोंडावर विचारायचे, ‘लस लिसन बी कोरोना व्हयनाच ना, मंग काय फायदा?’

गफलत आहे ती हिशेबात. समजा स्टाफ १०० जणांचा. ८५ जणांनी लस घेतली, १५ जणांनी टाळली. न घेतलेल्यांपैकी २० टक्के आजारी पडले, म्हणजे ३. घेतलेल्यांपैकी ७ टक्के, म्हणजे साधारण ६. आता नऊ पॉझिटिव्हांत सहा जण लसवाले! वॉर्डात बसून मोजलं तर लसच बदनाम होणार. खरं तर लसीने धोका जवळपास दोन तृतीयांश कमी केलाय.

ही ८५ आणि १५ची वाटणी मी उगाच घेतली नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आपल्या १०,६०० कर्मचाऱ्यांचा असाच हिशेब मांडला होता. तिथे एप्रिल २०२१ अखेर सुमारे ८५ टक्के जणांनी लस घेतलेली होती, बहुतेकांनी कोविशिल्ड. दोन्ही डोस झालेल्या ७,०८० जणांत ६७९ पॉझिटिव्ह आले, म्हणजे शंभरात नऊ-दहा. अजिबात न घेतलेल्यांत हेच प्रमाण २७ टक्क्यांच्या आसपास. पण मला जास्त बोलका वाटतो तो ऑक्सिजनचा आकडा. दोन डोसवाल्या ७,०८० पैकी ऑक्सिजन लागला चौघांना, आणि लस न घेतलेल्या १,६०९ पैकी अकरा जणांना. संसर्गापासून बचाव ६५ टक्के, ऑक्सिजनची वेळ येण्यापासून ९२ टक्के. अर्थात हा काही चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेला प्रयोग नव्हता. लस घेणारी माणसं एरवीही जपून वागत असतील. तरी एवढी तफावत नुसत्या जपण्याने पडत नाही, असं माझं मत.

आमच्याकडे १६ जानेवारी २०२१ नंतरचे दिवस आठवतात. आधी मोठ्या साहेबांना घेऊ द्या, मग बघू, असं म्हणत बरेच जण मागे सरकत होते. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा डोस, आणि उघडली की चार तासांत संपवायची. चारच जण येऊन बसले की सिस्टर बाकीच्यांना फोन लावत बसायच्या. तेव्हा दोन डोसमधलं अंतर २८ दिवसांचं होतं, त्यामुळे ज्यांनी लवकर घेतली त्यांचे दोन्ही डोस मार्चपर्यंत झाले आणि दुसरी लाट अंगावर आली ती त्यानंतर. हे नशीबच म्हणायचं.

त्या लाटेत आमचा एक वॉर्डबॉय दोन डोसनंतर पॉझिटिव्ह आला. घरी मागच्या खोलीत राहिला. सहा मिनिटं चालायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि फोटो ग्रुपवर टाकायचा : ९७, ९६, ९७. तक्रार एकच, ठेच्याचीसुद्धा चव लागत नाही.

संसर्ग पूर्ण का थांबला नाही? सुई दंडात टोचतात. तिथून तयार होणारी प्रतिपिंडं मुख्यतः रक्तात फिरतात, फुप्फुसं चांगली सांभाळतात. नाकाघशाच्या ओल्या अस्तरात मात्र त्यांची राखण तेवढी कडक नसते. त्यात दवाखान्यातला माणूस दिवसभर रुग्णांच्या तोंडाशी. शिवाय डोसनंतर काही महिन्यांत प्रतिपिंडं ओसरतात. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉन या कोरोनाच्या नव्या प्रकाराची लाट आली तेव्हा तर संसर्गापुरती लस फारच तोकडी पडली. स्टाफमध्ये सर्दी-तापाची रांगच लागली, ड्युटी लावता लावता इन्चार्ज सिस्टरांच्या नाकी नऊ आले. त्याच महिन्यात, १० तारखेपासून, आरोग्य कर्मचाऱ्यांना तिसरा, म्हणजे प्रिकॉशन डोस सुरू झाला.

‘मग लस घेतल्यावरही मास्क कशाला लावायला लावत होते?’ हा तुमचा दुसरा प्रश्न. लस घेतलेली नर्स स्वतः दोन दिवसांच्या तापावर निभावली, तरी तिच्या नाकातला विषाणू डायलिसिसच्या किंवा बाळंतिणीच्या खाटेपर्यंत जाऊ शकतो. तो मास्क पेशंटसाठी होता.