शनिवारी शाळा असली की सोमवार आपला!

प्रश्न: ताई, मी सध्या जपानात हिमेजीला एका ज्युनिअर हायस्कूलमध्ये इंग्लिशची असिस्टंट टीचर आहे. पुढच्या शनिवारी शाळेची उंदोकाई (स्पोर्ट्स डे) आहे, शुक्रवारी रात्री ओसाकात मैत्रिणींनी कराओके ठरवलंय आणि रविवारी नाराची हरणं बघायचीत. काहीच सोडायचं नाहीये मला. झेपेल का, की सोमवारी वर्गातच डुलक्या काढीन?

उत्तर: अगं, सोमवारी वर्ग आहे का ते आधी विचार की! उंदोकाई शनिवारी झाली की त्याबदल्यात बहुतेक शाळा सोमवारी बंद असतात. मुलांना सुट्टी असतेच, तुला आहे का ते मात्र उपमुख्याध्यापकांना आजच विचारून घे, कारण एजन्सीमार्फत आली असशील तर काँट्रॅक्टमध्ये वेगळं असू शकतं. सुट्टी मिळाली तर कराओके रविवारवर आणि नारा सोमवारवर ढकल आणि शुक्रवारी गपचूप झोप.

शुक्रवारचं कराओके मी तरी सरळ कॅन्सल करीन. ओसाकाहून परतीच्या गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास बंद होतात त्या पहाटे पाचच्या आसपास सुरू होतात, म्हणजे एकदा गाडी चुकली की उजाडेपर्यंत माइक हातात, आणि तिथून थेट मैदानावर. आणि मैदानात तुला तंबूत बसून टाळ्या वाजवू देतील असं वाटत असेल तर विसर, टीचर्सच्या रिलेत नवीन परदेशी टीचरला हमखास ओढतात, मुलं डोक्याला लाल-पांढऱ्या पट्ट्या बांधून तुझ्या नावाने बोंबलत असतात, वर्गात ज्या मुलाने कधी 'हॅलो'सुद्धा केलं नाही तोच सगळ्यात मोठ्याने! दोरीखेचीच्या वेळी एवढी धूळ उडते की डबा त्याआधीच संपवलेला बरा. तो दिवस झोपेत घालवू नकोस, पुढचं अख्खं वर्ष वर्गात त्याचाच उपयोग होतो. पाऊस आला तर कार्यक्रम रविवारवर किंवा आठवड्यातल्या दिवसावर जातो, म्हणून हॉटेल फुकटात कॅन्सल होणारंच बघ.

संध्याकाळी टीचर्सची पार्टी असेल तर जा. कानपाय (सगळ्यांनी मिळून चिअर्स) होईपर्यंत ग्लासला तोंड लावायचं नाही एवढं पाळ, पीत नसशील तर ऊलाँग चहा माग, कोणी काही म्हणत नाही. दुसऱ्या हॉटेलात पुढची पार्टी सुरू झाली की खुशाल घरी ये.

रविवारी दुपारी शिनकाइसोकु (जेआर रेल्वेची जलद गाडी) पकड, तासाभरात ओसाका, आणि बुलेट ट्रेनसारखं वेगळं जादा तिकीटही नाही. तिथल्या दोतोनबोरी भागात ग्लिको कंपनीच्या जाहिरातीतल्या त्या धावणाऱ्या माणसासमोर फोटो काढून झाला की पोटात काहीतरी टाक (मासे खात नसशील तर जपून, साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही माशांचं दाशी (स्टॉक) असतं) आणि मग कराओके, पण रात्रभर नाही हं. ओसाकातल्याच नांबा स्टेशनजवळ स्वस्तातल्या कॅप्सूल हॉटेलात झोप, बायकांसाठी वेगळा मजला आहे ना तेवढं बघून बुक कर.

सोमवारी नांबाहून किंतेत्सु रेल्वेने नारा, साधारण पाऊण तास. वीकेंडपेक्षा गर्दी बरीच कमी. नॅशनल म्युझियम सोमवारी बंद असतं, पण हरणांना कुठली सुट्टी! हजाराच्या वर आहेत, आणि बिस्किटं हातात दिसली की मान लववतात, चार-पाच जणं घेरतात, शर्ट ओढतात, मॅपसुद्धा खाऊन टाकतात. संपली की दोन्ही पंजे उघडे करून दाखव, लगेच पाठ फिरवतात, एकदम मतलबी जमात. शरदात नरांपासून जरा लांबच राहा. मग तोदाइजी मंदिर. पंधरा मीटरच्या आसपासची ती बुद्धमूर्ती, 752 साली तिचा नेत्रोन्मीलनाचा सोहळा झाला होता. फोटोत तिचा अंदाजच येत नाही, तिथे शांत बसायला अर्धा तास तरी ठेव.

येताना ओसाकात गाडी बदलू नकोस, संध्याकाळच्या ऑफिसच्या गर्दीत चेपशील. किंतेत्सु नाराहून कोबे-सान्नोमियाला थेट गाड्या आहेत, 2009 पासून सुरू झाल्यात, तिथून जेआरने हिमेजी. इकोका हे प्रवासाचं प्रीपेड कार्ड सगळीकडे चालतं, फक्त आधी त्यात पैसे भरून ठेव.