बीजगणिताच्या आधीचं जोड-पुस्तक कोणतं घेऊ?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, दोन वर्षं झाली आम्ही त्याला घरीच शिकवतोय (का ते विचारू नका, नातेवाइकांना सांगून सांगून तोंड दुखलंय). बालभारतीचं सहावीचं गणित संपलं, सातवीचं अर्धं झालं. माझी मामेबहीण पुण्याला असते, ती म्हणते अमेरिकेत प्रीअल्जेब्रा म्हणून वेगळा विषयच असतो, होमस्कूलिंगवाले त्याचं पुस्तक घेतातच. ऑनलाइन बघितलं तर ढीगभर पुस्तकं आणि किमती बघून डोळेच फिरले. मी बी.कॉम., माझं गणित बेताचंच. जोडीला एक पुस्तक घ्यायचं तर कोणतं घेऊ? आणि त्याला मागची उत्तरं बघू द्यायची का नाही, यावरून माझं नि ह्यांचं रोज वाजतं, हे म्हणतात बघू दे.
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, आधी त्या शब्दाची भीती काढू. प्रीअल्जेब्रा म्हणजे उणे संख्या, अपूर्णांक, गुणोत्तर, टक्के, घातांक आणि सोपी समीकरणं. तिकडं ते साधारण सातवी-आठवीला एका पुस्तकात बांधून देतात, आपल्याकडं तेच सहावी ते आठवी असं वाटून दिलेलंय. म्हणजे तुमचा मुलगा ते करतोयच की, फक्त नाव वेगळं.

आता पुस्तक घ्यायच्या आधी एक करा. त्याच्या वहीत लिहा: ८ + ४ = ▢ + ५, आणि गप बसा. माझ्याकडं एक मुलगी यायची, पाढे तोंडपाठ, गुणाकाराला मशीनसारखी, तिनं पेन्सिल न उचलता चौकटीत १२ लिहिलं. मी म्हटलं अगं मग त्या ५ चं काय, तर तिनं पुढं अजून एक बरोबरचं चिन्ह काढून १७ लिहिलं आणि माझ्याकडं बघून हसली! असं खूप पोरांचं होतं, आणि दोष थोडा आपल्याच भाषेचाय बघा, आपण त्या चिन्हाला ‘बरोबर’ म्हणतो आणि लहानपणापासून ‘आठ अधिक चार बरोबर किती’ असंच विचारतो, मग पोराला वाटतं बरोबर आलं की उत्तर ठोकायचं. दोन्ही बाजू सारख्या आहेत, तराजूच्या पारड्यांसारख्या, हे त्याच्या डोक्यातच नसतं. मी तिला डाव्या पारड्यात शेंगाचे बारा दाणे ठेवायला लावले, उजव्यात पाच, आणि म्हटलं आता काटा सरळ कर. तिनं सात दाणे टाकले, आणि मग स्वतःच वहीतलं १७ खोडलं. तुमचा मुलगा इथं अडखळला तर नवीन पुस्तक राहू द्या, पंधरा दिवस असलीच गणितं द्या, नाहीतर पुढं समीकरणात ‘पलीकडं नेलं की चिन्ह बदलतं’ हे नुसतं मंत्रासारखं पाठ होईल.

तिथं पास झाला तर मग कमी काय पडतंय ते बघा. सरावच कमी पडत असेल तर एनसीईआरटीची एक्झेम्प्लर म्हणजे जादा सरावाची पुस्तकं घ्या, सहावी, सातवी, आठवीची वेगवेगळी आहेत, त्यांच्या साइटवर पीडीएफ फुकट. ‘का’ कळत नसेल तर त्यांचंच ‘गणित प्रकाश’ हे नवं पाठ्यपुस्तक बघा, सहावीचं २०२४ ला आलं, त्यात उणे संख्या लिफ्टच्या मजल्यांवरून शिकवल्यात, पोरांना पटकन लागतं. एकेक पायरी फोडून सांगणारं हवं असेल तर ओपनस्टॅक्स या अमेरिकन संस्थेचं प्रीअल्जेब्रा, तेही ऑनलाइन फुकट, पण ते मुळात कॉलेजात गणित कच्चं राहिलेल्यांसाठी लिहिलंय, उदाहरणं मोठ्या माणसांची आहेत, म्हणून ते मुलाला देऊ नका, तुम्ही वाचा आणि त्याला सांगा. तुमच्या बी.कॉम.ला ते छान झेपेल.

तुमची बहीण म्हणते ते बहुतेक आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग या अमेरिकन कंपनीचं प्रीअल्जेब्राचं जाडजूड पुस्तक असावं. चांगलंय, पण ज्या पोराला गणित सोपं पडून कंटाळा येतो त्याच्यासाठीचंय, आणि इंग्रजी मजकूर भरपूर. त्यातली गणितं सोडवून दाखवणारं पुस्तक वेगळं घ्यावं लागतं. घ्यायच्या आधी त्यांच्या साइटवर तयारी तपासायची फुकट टेस्ट आहे ती सोडवून घ्या, व्हिडिओही फुकट आहेत. आणि अमेरिकन पुस्तक आणलं तर नाण्यांची गणितं येणारच, त्यात डाइम म्हणजे दहा सेंट, क्वार्टर म्हणजे पंचवीस, हे माहीत नसलं की पोरगं म्हणतं मला गणित येत नाही, येत असतं हो, नाणं माहीत नसतं! त्यापेक्षा विडीचं गणित घाला, हजार विड्यांमागं मजुरी अमुक, तर साडेसातशेला किती, आपल्या सोलापूरच्या पूर्वभागात, जिथं बायका विड्या वळतात, हे घरोघरी तोंडी चालतं, आणि गुणोत्तर म्हणजे दुसरं काय.

कुठलंही पुस्तक हातात आलं की उणे गुणिले उणेचं पान काढा. ‘उणे उणे अधिक, लक्षात ठेवा’ एवढंच असेल तर ठेवून द्या. चांगल्या पुस्तकात असं काहीतरी असतं: ३ ला −२ नं गुणलं की −६, २ ला −४, १ ला −२, शून्याला शून्य, दरवेळी उत्तर दोननं वाढतंय, मग −१ ला गुणलं की +२ च यायला पाहिजे. एका पुस्तकाला ही पाच मिनिटं, पैसे वाचतात.

आणि जोड-पुस्तक एकच ठेवा ताई. मी बघितलंय, घरात चार पुस्तकं आली की पोरगं प्रत्येकातलं पहिलं प्रकरण करतं आणि आई-वडील खूश. इंग्रजी पुस्तक घेतलंत तर वहीचं शेवटचं पान राखून ठेवा, एकीकडं चल, पद, सहगुणक, बैजिक राशी, समोर व्हेरिएबल, टर्म, कोइफिशंट, एक्स्प्रेशन, भेटेल तसं तो लिहीत जाईल.

उत्तरांचं भांडण. बघू द्या, पण पाच गणितं झाल्यावर एकदम, आणि चुकलेलं कुठं चुकलं ते त्यानं स्वतः शोधायचं, सोडवून दिलेलं गाइड मात्र तुमच्या कपाटात. समीकरणाला तर मागचं पान लागतच नाही. ३क्ष + ५ = २० मध्ये त्याचा क्ष ५ आला ना, मग तो परत आत घालून बघू दे, १५ आणि ५ वीस, झालं. अपूर्णांकांना मात्र लागेल, तिथं तुमच्या ह्यांना जिंकू द्या.