हेड ट्रॅकिंगसाठी मोबाइल: वाचकांच्या शंका

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर विमान उडवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, मान वळवली की कॉकपिटमधील दृश्यही वळावे, यासाठी मोबाइलचा समोरचा कॅमेरा कसा वापरावा, अशी विचारणा करणारी पत्रे सतत येत आहेत आणि बहुतेकांत गोंधळ एकच आहे. म्हणून मूळ रचना आधी सांगतो. फोनवरील अ‍ॅप कॅमेऱ्यातून चेहरा पाहते आणि डोक्याची स्थिती सहा आकड्यांत मांडते. तीन आकडे वळण्याचे, तीन सरकण्याचे. हे आकडे घरच्या नेटवर्कवरून संगणकातील ओपनट्रॅक या मोफत सॉफ्टवेअरकडे जातात आणि तेथून सिम्युलेटरला मिळतात. अडचण आली तर या तीन पायऱ्या एकेक करून तपासाव्यात. तिन्ही एकदम बदलल्या, तर दोष कोठे होता हे कधीच कळत नाही.

प्रश्न : मी चष्मा लावतो. ट्रॅकिंग चालेल का? (सांगली)

चालेल. मात्र दिवा चेहऱ्यासमोर, थोडा बाजूला असावा आणि पाठीमागे उघडी खिडकी नसावी.

प्रश्न : अ‍ॅपमध्ये माझा चेहरा व्यवस्थित टिपला जातो, पण ओपनट्रॅकमधील आकृती जागची हलत नाही. विंडोज पुन्हा टाकावे, असे मित्र म्हणतो. (नाशिक)

विंडोज पुन्हा टाकण्याचा यात काही संबंध नाही. असे सल्ले ऐकून लोकांनी दोन-दोन दिवस घालवलेले मी पाहिले आहेत. ओपनट्रॅकच्या इनपुटमध्ये ‘यूडीपी ओव्हर नेटवर्क’ निवडले आहे का, ते पाहा. त्याचा ठरलेला पोर्ट, म्हणजे जोडणीचा क्रमांक, ४२४२ आहे. अ‍ॅपमध्येही तोच असायला हवा. अ‍ॅपमध्ये नेटवर्कवरील पत्ता (आयपी अ‍ॅड्रेस) टाकायचा तो संगणकाचा, फोनचा नव्हे. सर्वाधिक चुका येथेच होतात. संगणक आणि फोन एकाच राउटरवर हवेत आणि फोन त्याच राउटरच्या ‘गेस्ट’ वाय-फायवर नसावा, कारण गेस्ट जोडणीतील उपकरणांना घरातील इतर उपकरणे सहसा दिसू दिली जात नाहीत. शेवटी विंडोजच्या फायरवॉलमध्ये ओपनट्रॅकला परवानगी आहे का, ते तपासा. पहिल्यांदा सुरू करताना आलेल्या खिडकीत घाईने ‘कॅन्सल’ दाबलेले असते आणि नंतर ते कोणाच्या लक्षात राहत नाही.

एवढे करूनही हालचाल दिसली नाही, तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा. तेव्हा संगणकाला त्या जोडणीसाठी वेगळा पत्ता मिळतो. अ‍ॅपमध्ये तो नवा पत्ता टाका. केबलने काम झाले तर दोष राउटरमध्ये आहे, आणि मग राउटर बसवून देणाऱ्यालाच बोलवा. केबल मात्र कायमची लावून ठेवू नका. कारण पुढे येईलच.

प्रश्न : एका दुकानदाराने ‘हेड ट्रॅकिंग रेडी’ म्हणून महागडा फोन सुचवला. घ्यावा का? (ठाणे)

घेऊ नका. असा कोणताही अधिकृत दर्जा नाही. फेस आयडी असलेले आयफोन अवरक्त किरणांनी चेहऱ्याची खोलीही मोजतात, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत ते सरस ठरतात, हे खरे. पण पुरेसा उजेड असेल तर घरातला बरा अँड्रॉइड फोनही काम देतो. आधी हाताशी असलेल्या फोनवर आठवडाभर वापरून पाहा. विकत घ्यायचे अ‍ॅप ‘फुकट’ म्हणून कोणी फाइल पाठवली, तर तीही टाकू नका. या अ‍ॅपला तुमचा कॅमेरा आणि नेटवर्क दोन्ही उघडे असते.

प्रश्न : फोन हेडफोनच्या पट्टीला बांधून त्यातील जायरोस्कोप वापरतो. दहा मिनिटांत दृश्य आपोआप डावीकडे सरकू लागते. फोन खराब आहे का? (पणजी)

फोन चांगला आहे. पद्धत चुकीची आहे. जायरोस्कोप फक्त वळण्याचा वेग मोजतो. त्या वेगाची बेरीज करत कोन काढावा लागतो आणि प्रत्येक क्षणाची बारीक चूकही त्या बेरजेत साठत जाते. मान वर-खाली किंवा खांद्याकडे झुकण्यातील चूक गुरुत्वाकर्षणाच्या आधारे सुधारता येते, परंतु डावी-उजवीकडील वळणाला गुरुत्वाकर्षणाचा आधार नसतो. तेथे होकायंत्राचा सेन्सर लागतो, आणि तुम्ही तो हेडफोनच्या स्पीकरमधील चुंबकांजवळ नेऊन बांधला आहे. शिवाय या पद्धतीत पुढे झुकून उपकरणांचे आकडे जवळून पाहता येत नाहीत, कारण सरकण्याचे तीन आकडे मिळतच नाहीत. फोन डोक्यावरून काढा, मॉनिटरजवळ स्टँडवर ठेवा आणि कॅमेरा वापरा.

प्रश्न : अर्ध्या तासात फोन चांगलाच तापतो आणि दृश्य अडखळू लागते. चार्जर लावून चालू ठेवले तर हरकत नाही, असे सगळे म्हणतात. (अकोला)

हरकत आहे, आणि हा प्रश्न मी कधीही एका वाक्यात उरकणार नाही.

हेड ट्रॅकिंगच्या वेळी फोनमधील कॅमेरा, प्रोसेसर, पडदा आणि वाय-फाय ही चारही कामे अखंड चालू असतात. त्यात चार्जिंगची उष्णता मिसळते, पाठीला जाड कव्हर असते आणि समोर मॉनिटरची ऊब असते. अ‍ॅपल आपले फोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरण्यास सांगते. अकोल्यात मे महिन्यात बंद खोलीतील हवाच त्याच्या वर असते. फोन तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग कमी करतो. दृश्य अडखळते ते त्यामुळे. लोक मात्र अ‍ॅपला दोष देतात, दुसरे अ‍ॅप विकत घेतात किंवा ‘फोन थंड करणारे’ अ‍ॅप टाकतात. कोणतेही अ‍ॅप फोन थंड करू शकत नाही. ते चालवायलाही प्रोसेसरच लागतो.

खरे नुकसान बॅटरीचे होते. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेली आणि गरम अशा अवस्थेत तासन्‌तास राहिली की आतील रसायने लवकर झिजतात, वायू तयार होतो आणि बॅटरी फुगते. मागच्या मे महिन्यात एक गृहस्थ असाच फोन घेऊन माझ्याकडे आले. टेबलावर ठेवून बोट लावले, तर तो पाठीवर गरगर फिरला. एका कडेने पडद्याची काच नखभर वर आली होती. “होळीपासून असाच आहे, पण चालतोय ना,” असे ते म्हणाले. तो फोन ते दोन महिने रोज रात्री उशाशी चार्ज करत होते. अशा बॅटरीला टोक लागले किंवा ती दाबली गेली तर पेट घेऊ शकते. एवढा उशीर करण्याचे काहीच कारण नव्हते.

तेव्हा कव्हर काढा, पडद्याचा उजेड कमी करा, अ‍ॅपमध्ये सोय असल्यास कॅमेऱ्याचा वेग सेकंदाला ३० चित्रांवर आणा आणि फोनला पंख्याचा वारा लागेल असे ठेवा. चार्जिंग उड्डाणाआधी करा. चालू ट्रॅकिंगमध्ये केबल नको. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तर ती वापरा. बर्फाची पिशवी लावू नका, आत ओल धरते. फुगवटा दिसला, तर फोन बंद करा, चार्ज करू नका, दाबू नका, कचऱ्यात टाकू नका आणि त्याच दिवशी अधिकृत सेवा केंद्रात न्या. हे सगळे जमत नसेल, तर संगणकाला साधा वेबकॅम जोडा. ओपनट्रॅकमधील ‘न्यूरलनेट ट्रॅकर’ त्यावर चालतो आणि फोनची गरजच उरत नाही.

प्रश्न : तासभर उडवल्यावर मान दुखते व मळमळते. (न्यू जर्सी)

थांबा. ओपनट्रॅकमधील अ‍ॅक्सेला फिल्टर (हालचाल संथ करणारी सोय) वाढवून दृश्याची थरथर कमी करा, वीस मिनिटांचीच सत्रे घ्या आणि तरीही दुखत राहिले तर डॉक्टरांना दाखवा. सॉफ्टवेअरच्या आकड्यांत त्याचा उपाय शोधत बसू नका.

प्रश्न : मी बारामतीत विमानचालन शिकते. घरच्या सरावाचे तास धरले जातात का? आणि हेड ट्रॅकिंगमुळे सर्किटचा सराव होतो का? (पुणे)

तास धरले जात नाहीत. व्यावसायिक परवान्याच्या २०० तासांत घरच्या संगणकाला स्थान नाही.

सरावाचे उत्तर मात्र मोठे आहे. सर्किट म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीभोवती घ्यायची आयताकृती फेरी. तिच्या डाउनविंड लेगवर, म्हणजे धावपट्टीला समांतर पण उतरण्याच्या उलट दिशेने जाताना, धावपट्टीचे टोक खांद्यामागे साधारण ४५ अंशांवर गेले की बेसकडे, म्हणजे धावपट्टीच्या रेषेकडे काटकोनात नेणाऱ्या टप्प्याकडे, वळण्याचा विचार करतात, आणि ते टोक मान वळवूनच पाहावे लागते. बटण दाबून दृश्य फिरवणाऱ्याला ही सवय लागत नाही, हेड ट्रॅकिंगने लागते. पण मॉनिटर समोर असल्यामुळे आपण ओपनट्रॅकच्या मॅपिंगमध्ये डोक्याचे २०-२५ अंश वाढवून दृश्याचे शंभराहून अधिक अंश करतो. खऱ्या विमानात मान पूर्ण वळवावी लागते, आणि तेवढ्यात हात योकवर (विमान वळवण्याच्या हँडलवर) ओढला जाऊन विमानाचे नाक हलते. ही चूक घरी दिसतच नाही. त्यामुळे कोठे, कधी आणि किती वेळ बाहेर पाहायचे, हे तुमच्या प्रशिक्षकांना विचारूनच घरच्या सरावाची आखणी करा. बेसचे वळण कोठून घ्यायचे हे घरी ठरवून जाऊ नका. ते प्रशिक्षक तुम्हाला तुमच्या धावपट्टीवर, तुमच्याच विमानातून दाखवतील.