झाडांच्या शास्त्रीय नावांना काही अर्थ असतो का, की नुसती घोकंपट्टी?

तुम्ही लिहिलंय की मुलगी अकरावीला आहे, झाडांची लॅटिन नावं पाठ करून वैतागलीय आणि तुम्हाला विचारते की ह्या नावांना अर्थ तरी आहे का. आहे, आणि बऱ्याचदा मजेशीर आहे. मी काही बॉटनीवाला नाही, नोकरी वेगळीच आहे, पण पावसाळ्यात सह्याद्रीत भटकतो आणि त्या नादात ही नावं उकलायची सवय लागली.

आधी बेसिक. नाव दोन शब्दांचं असतं, शाळेच्या हजेरीसारखं, आडनाव आधी, म्हणजे झाडाच्या गटाचं, आणि नाव नंतर, म्हणजे त्या झाडाचं स्वतःचं. ही पद्धत स्वीडनच्या लिनिअस नावाच्या वनस्पतीतज्ञाने 1753 च्या पुस्तकात सगळ्या वनस्पतींना लावली. एवढं पुरे, आता मजा.

दारात, कुंडीत, शेताच्या बांधावर पावसाळ्यात केना उगवतो बघा, निळ्या फुलाचा, ज्याच्या पानांची भजी करतात. त्याचं नाव कोमेलिना बेंगालेन्सिस. फूल हातात घेऊन नीट बघायला सांगा मुलीला, तीन पाकळ्या असतात, दोन मोठ्या निळ्या आणि तिसरी बारकी, फिकट, असून नसल्यासारखी. हॉलंडमध्ये कोमेलिन नावाचं घराणं होतं, त्यातले दोघे, काका आणि पुतण्या, नावाजलेले वनस्पतीतज्ञ, आणि तिसरा ह्या शास्त्रात काही करून दाखवायच्या आतच वारला. लिनिअसने स्वतःच लिहून ठेवलंय की दोन ठसठशीत पाकळ्या म्हणजे ते दोघे आणि तिसरी म्हणजे तो बिचारा. मेलेल्या माणसाची अशी आठवण ठेवायची म्हणजे जरा क्रूरच वाटतं मला, पण हे वाचल्यापासून केन्याचं नाव विसरलेलो नाही.

आपट्याचंही तसंच. बाऊहिनिया रॅसिमोसा. बाऊहिन नावाचे दोघे स्विस भाऊ होते, दोघेही वनस्पतीतज्ञ, आणि आपट्याचं पान म्हणजे एका देठावर जोडलेले दोन भाग. म्हणजे दसऱ्याला सोनं म्हणून आपण एकमेकांच्या हातात जे ठेवतो ते खरं तर दोन स्विस भाऊ!

अर्थात सगळीच नावं माणसांची नसतात. तेरड्याचं नाव इम्पेशन्स, म्हणजे अधीर, कारण पिकलेल्या शेंगेला बोट लावलं की ती फटकन फुटून बिया उडवते, लहानपणी हा उद्योग सगळ्यांनी केलेला असतो. कासच्या पठारावर ज्याला सीतेची आसवं म्हणतात ती निळसर जांभळी फुलं म्हणजे युट्रिक्युलॅरिया, ह्याचा अर्थ छोटी पिशवी, कारण ही वनस्पती मांसाहारी आहे आणि चिखलात, पाण्यात असलेल्या बारीक बारीक पिशव्यांत किडे पकडते. आपल्या लोकांनी वरचं फूल बघितलं आणि त्यांना सीता रडताना दिसली, तिकडच्यांनी खाली उकरून बघितलं. दोन्ही नावं मला आवडतात, पण पाठांतराला पिशवी सोपी.

घोळही पुष्कळ आहेत. चिंच म्हणजे टॅमरिंडस इंडिका. अरब लोक चिंचेला तमर हिंदी म्हणायचे, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, त्याचंच टॅमरिंडस झालं आणि त्यावर लिनिअसने परत इंडिका जोडलं, म्हणजे झाला हिंदुस्थानचा हिंदुस्थानी खजूर, आणि झाड मुळात आफ्रिकेतलं!! त्यामुळे इंडिका, बेंगालेन्सिस असलं काही दिसलं की झाड तिथलंच असं धरून चालू नका. आपल्या वडालाही बेंगालेन्सिसच म्हणतात.

आणि मुलीला हे जरूर सांगा की ह्यातले कितीतरी शब्द लॅटिन नाहीतच. आंब्याच्या मँगिफेरातला मांगा आणि शेवग्याचं मोरिंगा हे तमिळ मल्याळमकडचे शब्द आहेत, धोत्र्याचं दातुरा तर सरळ संस्कृत धत्तूर. डच लोकांनी 1678 पासून ॲमस्टरडॅमला मलबारच्या वनस्पतींवर हॉर्टस मलाबारिकस नावाचा बारा खंडांचा ग्रंथ छापला, लिनिअसने तो भरपूर वापरला. त्या कामात इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य होते आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट असे तिघे कोकणीही होते, त्यांचं नागरी लिपीतलं कोकणी प्रमाणपत्र पहिल्याच खंडात छापलंय. आणि गंमत म्हणजे ह्याच ग्रंथाच्या संपादनात वर सांगितलेल्या कोमेलिनांपैकी काका, यान, हेही होते.

आता तिला सगळ्यात जास्त राग ज्याचा येईल ते, नावं बदलतात. जुन्नरकडे शिवनेरीच्या कड्यावर शिंदळ माकुडी नावाची दुर्मिळ वनस्पती आहे, डाल्झेल नावाच्या स्कॉटिश अधिकाऱ्याने मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रेअर ह्याच्या नावाने तिला फ्रेरिया इंडिका केलं. पुढे ती कॅरालुमा ह्या गटात टाकली, पण तिथे इंडिका नावाची दुसरी कोणी आधीच बसलेली, मग हिचं झालं कॅरालुमा फ्रेरी, म्हणजे गव्हर्नरसाहेब आडनावावरून नावावर घसरले. आता काही जण तिला सेरोपेजियात धरतात. साहेब तिथेही मागून आहेतच.

आपल्या कारवीचं मात्र उलटं झालं. जिच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती करतात आणि जी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते ती, तिच्यासाठी ब्रेमेकांप नावाच्या डच शास्त्रज्ञाने 1944 मध्ये कार्विया असा वेगळा गटच केला. मराठी शब्द थेट आडनावाच्या जागी! पण बऱ्याच जणांना तो वेगळा गट काही पटला नाही, आणि आता बहुतेक पुस्तकांत ती परत स्ट्रोबिलॅन्थस कॅलोसा आहे. मुलीच्या सिलॅबसमध्ये कारवी असेल तर हेच लिहायला सांगा, कार्विया लिहून मार्क गेले तर मला बोलू नका.