नागपूरच्या केळीबाग रोडवर खरंच केळीची बाग होती का? या एवढ्याशा रस्त्याला इतिहास तो काय असणार?

केळीबाग, तुळशीबाग, महाराजबाग, सक्करदऱ्याची बाग. भोसल्यांना बागांची हौस होती, नावं मागे राहिली. केळी गेल्या, दुकानं आली. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर संपलं.

पण 'एवढ्याशा रस्त्याला' हे जे लिहिलंय ना, ते झोंबलं. माझा जन्म या रस्त्याला लागून असलेल्या गल्लीतला. बडकस चौकापासून सी. पी. अँड बेरार कॉलेजपर्यंतचा हा रस्ता छोटाच आहे, पण जुन्या नागपूरच्या कोटाच्या आतला आहे. गोंड राजा चांद सुलतानानं सुमारे तीन मैलांचा कोट बांधला. त्याचा जुम्मा दरवाजा म्हणजे आजचं गांधी गेट. जुम्मा तलावाला आम्ही शुक्रवारी म्हणतो, पाटीवर गांधीसागर आहे. रिक्षावाल्याला तिन्ही नावं कळतात. 1743 मध्ये रघूजी भोसले नागपूरचे धनी झाले आणि त्यांच्या राजवाड्यावरून वस्तीला महाल म्हणू लागले. वाडा काळ्या दगडाचा, लाकडावर भरपूर कोरीव काम. 1864 मध्ये तो जळाला, मोठा दरवाजा तेवढा उरला. 1867 मध्ये रेल्वे आली ती सीताबर्डीच्या अंगानं, आणि शहर तिकडे सरकलं. महाल अरुंदच राहिला.

हा जळालेला वाडा आमच्या घरात साठ वर्षं भांडण होऊन राहिलाय.

आमच्या दाराशी काळ्या दगडाची पायरी होती. मधोमध झिजून वाटीसारखा खळगा पडलेला, पावसाळ्यात त्यात चिमण्या पाणी प्यायच्या. एका कोपऱ्यात बोटभर चौकोनी भोक, त्यात शिसं ओतलेलं. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "भोसल्यांच्या वाड्याचा दगड आहे हा. वाडा जळाला तेव्हा आपल्या पणज्यानं उचलून आणला." पाहुण्यांना चहाच्या आधी ती पायरी दाखवायचे.

मी बीएस्सीला भूशास्त्र घेतलं आणि शहाणा झालो. म्हटलं, "काका, नागपुरात काळा दगड नाही निघणार तर काय संगमरवर निघणार? दख्खनचा काळा दगड पूर्वेकडे इथेच येऊन संपतो. सीताबर्डीच्या किल्ल्याची टेकडी त्याचीच. मग काय ती पण पणज्यानं आणली?" काकू हसल्या. काका चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पुढे रुंदीकरण निघालं. रस्त्याकडेची घरं अर्धी-अर्धी कापली गेली. आमचं गल्लीत असल्यामुळे वाचलं, पण भिंतींना भेगा गेल्या, आणि आम्हीच ठरवलं की पाडून नवीन बांधू. जेसीबी आला त्या दिवशी काका अंथरुणाला खिळलेले होते, दुसरीकडे भाड्याच्या घरात. ठेकेदाराच्या माणसानं विचारलं, "भाऊ, ही पायरी ठेवायची का?" चुलतभावानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "साधा दगड आहे, जाऊ दे मलब्यात."

संध्याकाळी काकांनी एवढंच विचारलं, "पायरी कुठे ठेवली?"

आता दर दिवाळीला चुलतभाऊ चार लोकांत मला ऐकवतो की घराण्याचा इतिहास तू ट्रॅक्टरमध्ये भरून दिला. त्याला इथेच सांगतो, तो हे वाचतो: दगडाचा रंग पाहून राजवाडा सिद्ध होत नाही. कागद लागतो. आणि ट्रॅक्टरचे पैसे तू दिले होते.

तुम्हाला इतिहास हवा असेल तर म्हाताऱ्यांच्या गोष्टींवर जाऊ नका. नगर भूमापन कार्यालयात जाऊन आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढा, जुनी खरेदीखतं वाचा, चतुःसीमा बघा. कोणाच्या घराच्या पूर्वेला काय होतं हे त्यातच सापडतं, बाग असली तर तीही. काकांच्या पेटीतलं खरेदीखत मी पूर्ण वाचलंय. त्यात पायरीचा शब्द नाही.

अर्थात खरेदीखतात पायऱ्या कोण लिहितो म्हणा. आणि त्या शिशाचं मला आजपर्यंत नीट उत्तर देता आलेलं नाही. दगडाला दगड लोखंडानं जोडायचा तर असं शिसं ओततात, आणि घराच्या साध्या पायरीला तेवढा खर्च कोणी करत नाही. हे मला त्या दिवशीही माहीत होतं.

वाडा पाडणार असाल तर आधी फोटो काढून ठेवा. आमच्याकडे पायरीचा एकच आहे, माझ्या मुंजीतला, आणि त्यात पायरीवर काका उभे आहेत. पायरी दिसत नाही, त्यांचं धोतर दिसतं.