भित्तिचित्राचे पूर्ण पैसे घेतले, तरी त्यावर चित्रकाराचा हक्क राहतो का?

हो, राहतो, रंकाळ्याजवळच्या मंगल कार्यालयाच्या मालकाने तुमची सही पुसली आणि चित्रातले चेहरे दुसऱ्याकडून बदलून घेतले, या दोन्हींविरुद्ध तुम्ही दाद मागू शकता. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ नुसार कॉपीराइट लिहून दिला तरी दोन गोष्टी कलाकाराकडेच राहतात: ही कृती माझी आहे असं सांगण्याचा हक्क, आणि मानाला किंवा नावलौकिकाला बाधा आणणारी मोडतोड, फेरफार रोखण्याचा व भरपाई मागण्याचा हक्क. अमरनाथ सेहगल यांचा खटला जरूर वाचा. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं ब्राँझचं प्रचंड भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं होतं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष परत द्यायला लावले, वर पाच लाखांची भरपाई दिली. समोर खुद्द केंद्र सरकार होतं! मात्र मालकाने चित्र नुसतं झाकून ठेवलं किंवा तुमच्या मनासारखं मांडलं नाही, तर तो भंग ठरत नाही. कलमाच्या स्पष्टीकरणातच तसं लिहिलंय.

आता लगेच एवढं करा:
- मूळ चित्राचे फोटो, कच्ची रेखाटनं, पैशांची पावती, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं जपून ठेवा.
- बदललेल्या चित्राचे फोटो काढा, पुन्हा रंग मारायच्या आत.
- वकिलामार्फत नोटीस द्या. नाही ऐकलं, तर तुम्ही कोल्हापुरात राहत असल्याने इथल्या जिल्हा न्यायालयातच दावा लावता येतो.

कॉपीराइटची नोंदणी केली नव्हती म्हणून माघार घेऊ नका, ती सक्तीची नाही.