सी-टाइप्स, पॉइंटर आणि अर्धा पत्ता

तुमची अडचण मला कळली ती अशी: वजनकाट्यासोबत आलेली सी लायब्ररी तुम्ही पायथॉनच्या सी-टाइप्समधून (सीची फंक्शनं थेट बोलावणारं मॉड्यूल) वापरताय. काटा_उघड हे फंक्शन एक पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, देतं आणि तो काटा_वाच ला दिला की नव्या लिनक्स मशिनवर सेगमेंटेशन फॉल्ट येतो, म्हणजे प्रोग्रॅम भलत्या मेमरीला हात लावून मरतो. ऑफिसातल्या जुन्या मशिनवर हाच कोड वर्षभर बिनबोभाट चालला, म्हणून लायब्ररीच खराब असावी असं तुम्हाला वाटतंय. (सीएसएमटीहून सुटलेल्या कल्याण लोकलमधून फोनवर लिहितोय, त्यामुळे नावं देवनागरीतच. कोडमध्ये रोमन करून घ्या.)

लायब्ररीला तूर्त बाजूला ठेवा. काटा_उघड कडून परत आलेली किंमत एकदा प्रिंट करा. उणे आकडा दिसला तर चोर तिथेच सापडला.

शेअर्ड लायब्ररीच्या फाइलमध्ये फंक्शनचं नाव आणि ते कुठे आहे एवढंच असतं. ते काय घेतं आणि काय देतं हे हेडरमध्ये (लायब्ररीसोबतच्या .एच फाइलमध्ये) लिहिलेलं असतं, आणि सी-टाइप्स हेडर उघडूनही बघत नाही. तुम्ही रेसटाइप, म्हणजे परत येणाऱ्या किमतीचा प्रकार, सांगितला नाहीत की ते इंट धरून चालतं. इंट ३२ बिटांचा, पॉइंटर ६४ बिटांचा. समजा खरा पत्ता सोळाच्या पायात ७एफ३ए ९सी४१ २०१० आहे. त्यातला ७एफ३ए गळतो, उरतो ९सी४१२०१०, आणि तो चिन्हासकट इंट म्हणून वाचला की पायथॉनमध्ये दिसतं उणे १६७३४५३५५२. गिरगावात पत्रावर नुसतं 'दुसरा माळा, खोली नंबर १४' लिहून चाळीचं नाव गाळलंत तर पोस्टमन कुठे जाणार? इथला पोस्टमन परत येत नाही, प्रोग्रॅम घेऊन मरतो.

मग जुन्या मशिनवर कसं चाललं? तिथला पायथॉन बहुधा जुन्या पद्धतीने, ठराविक पत्त्यावर लोड होणारा असा बांधलेला असणार. अशा प्रोग्रॅमचा हीप (चालताना मागितलेली मेमरी) अगदी खालच्या पत्त्यांवर असतो, वरचा अर्धा भाग शून्यच. शून्य गळालं तर कोणाला कळणार! त्यातही ग्लिबसी (लिनक्सवरची सीची मूळ लायब्ररी) साधारण १२८ केबीहून मोठी मागणी एमॅपने, म्हणजे कर्नलकडून वेगळी जागा घेऊन, भागवते आणि ती जागा वरच्या पत्त्यांवर मिळते. म्हणजे त्याच मशिनवर छोटं स्ट्रक्चर चालतं आणि मोठा बफर मागितला की मरतं. असल्या बगने माणूस आठवडाभर भुतंखेतं शोधत बसतो.

आता उपाय. लिब.काटा_उघड.रेसटाइप = सी_व्हॉइड_पी. पण इथेच थांबू नका, कारण अर्धे लोक इथेच थांबतात. हा रेसटाइप दिला की तुमच्या हातात साधा पायथॉनचा आकडा येतो (नल, म्हणजे रिकामा पॉइंटर असेल तर नन). तो पूर्ण असतो. पण पुढच्या फंक्शनला आर्गटाइप्स (ते घेतं त्या गोष्टींचे प्रकार) दिले नसतील तर देताना तो पुन्हा इंट होतो आणि लिनक्सवर चूं न करता कापला जातो. म्हणून लिब.काटा_वाच.आर्गटाइप्स = [सी_व्हॉइड_पी, पॉइंटर(सी_डबल)] हेही हवं (इथला पॉइंटर रोमनमध्ये सगळा कॅपिटल), आणि काटा_बंद लाही तसंच. माझा नियम: आधी सगळ्या फंक्शनच्या सह्या लिहायच्या, मग पहिला कॉल. फंक्शनं तीस-चाळीस असतील तर सरळ सीएफएफआय हे याच कामाचं दुसरं पॅकेज वापरा. त्यात हेडरमधल्या ओळीच चिकटवायच्या असतात, त्यामुळे हा गुपचूप इंट तिथे नाही.

वजन बाहेर काढायला वजन = सी_डबल() करा, कॉलमध्ये बायरेफ(वजन), म्हणजे वजनचा पत्ता, द्या आणि नंतर वजन.व्हॅल्यू वाचा. बायरेफ की पॉइंटर, हा तुमचा दुसरा प्रश्न. फक्त कॉलपुरतं द्यायचं असेल तर बायरेफ, ते हलकं आहे. पॉइंटर स्वतःजवळ ठेवायचा असेल, स्ट्रक्चरमध्ये भरायचा असेल, तरच पॉइंटर (हा रोमनमध्ये लहान अक्षरांतला).

स्ट्रिंगवर जरा थांबतो, कारण तिथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. काट्याचं मॉडेलनाव भरून देणाऱ्या फंक्शनला पायथॉनचे बाइट्स देऊ नका. बाइट्स बदलायचे नसतात, आणि एका अक्षराचे बाइट्स तर सीपायथॉन (नेहमीचा पायथॉन) सगळीकडे तेच वापरतो. त्यात सीने लिहिलं तर दुसरीकडे कुठेतरी भलतंच अक्षर उगवेल. क्रिएट_स्ट्रिंग_बफर(६४) घ्या आणि ६४ हा आकडाही फंक्शनला कळवा.

उलट, फंक्शनच स्ट्रिंग परत देत असेल तर ती मेमरी कोणाची ते आधी विचारा. भिवंडीच्या एका गोदामात लेबल छापायचा माझा प्रोग्रॅम दर तीन-चार दिवसांनी मेमरी संपून झोपायचा. मी प्रिंटरला शिव्या घातल्या, रात्री दोनला रीस्टार्ट करणारा क्रॉन लावला आणि शहाणपणा मिरवला. कारण एवढंच होतं: लायब्ररी दर लेबलला मॅलॉक करून (नवी मेमरी मागून, जी नंतर फ्री करून परत द्यावी लागते) स्ट्रिंग द्यायची आणि मी रेसटाइप सी_चार_पी ठेवला होता. तसं केलं की सी-टाइप्स स्ट्रिंगची नक्कल बाइट्समध्ये देतं आणि मूळ पॉइंटर टाकून देतं. मग फ्री करणार कशाला? तिथे सी_व्हॉइड_पी घ्यायचा, स्ट्रिंग_ॲटने मजकूर वाचायचा आणि पॉइंटर लायब्ररीच्याच फ्री फंक्शनला परत द्यायचा. सीच्या साध्या फ्रीला नको. विंडोजवर लायब्ररीचा रनटाइम वेगळा असू शकतो.

कॉलबॅक, म्हणजे लायब्ररीने उलट बोलवायचं तुमचं फंक्शन, लावणार असाल तर सीफंक्टाइपने बनवलेला ऑब्जेक्ट एखाद्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा. थेट कॉलमध्ये बनवून दिलात तर पायथॉन त्याचा कचरा करतो आणि काटा मेलेल्या फंक्शनला हाक मारतो.

पुन्हा क्रॅश झालं तर पायथॉन -एक्स फॉल्टहँडलर असं चालवा. ३.३ पासून आहे, आणि मरताना निदान पायथॉनची कुठली ओळ चालू होती ते सांगतो.

हे सगळं करून क्रॅश थांबला, पण एक किलोचं माप ठेवल्यावर ५.२६ई-३१५ असा आकडा दिसला, तर हेडरमध्ये डबल नाही, फ्लोट आहे. सीने चार बाइट लिहिले, तुम्ही आठ वाचताय. तिथे आर्गटाइप्स आणि वजन दोन्हीकडे सी_फ्लोट करा.